व्हायरस सातबारा वाचत नाही

मे २०२० आठवतोय? तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत असतील. घरात कोंडलेले, ऑनलाइन तास, आणि फोनवर दर दहा मिनिटांनी एक नवा फॉरवर्ड. त्यातच एक आला होता, ‘टोमॅटो खाऊ नका, त्यातही व्हायरस आलाय!’ एका वृत्तवाहिनीने तर टोमॅटोतला व्हायरस माणसालाही धोकादायक असल्यासारखी बातमी चालवली. शास्त्रज्ञांनी लगेच सांगितलं की हा विषाणू झाडाचा आहे, माणसाला होत नाही. पण तोवर आधीच लॉकडाऊनने मोडलेल्या बाजारात टोमॅटोवाल्या शेतकऱ्याच्या जखमेवर मीठ चोळून झालं होतं.

गंमत म्हणजे, व्हायरस होता हे खरंच होतं. संगमनेर-अकोले, जुन्नर-नारायणगाव या पट्ट्यात त्या उन्हाळ्यात टोमॅटो लाल व्हायलाच तयार नव्हता. एकाच फळावर लाल, पिवळे, हिरवट पट्टे. शेतकऱ्यांनी त्याला नाव दिलं ‘तिरंगा’. नमुने बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले. तपासणीत मुख्य संशयित म्हणून पुढे आला कुकुंबर मोझॅक व्हायरस, म्हणजे सीएमव्ही. काही नमुन्यांत इतर विषाणूही सोबतीला होते.

आता जरा थांबा. टोमॅटोवरच्या व्हायरसच्या नावात काकडी कशी आली?

मला वाटतं, त्या वेळी देशाने चुकीचा प्रश्न विचारला. ‘टोमॅटोतून माणसात येईल का?’ हा तो प्रश्न. विचारायला हवा होता तो असा : ‘टोमॅटोत हा आला कुठून, आणि इथून जाणार कुठे?’ हा दुसरा प्रश्न आपण आजही पुरेसा विचारत नाही. अभ्यासक्रमात नाही, सल्ल्यात फारसा नाही, सरकारी कागदावर तर नाहीच. हे बदलायला हवं आणि त्यात तुमच्यासारख्या कॉलेजवाल्यांना करण्यासारखं बरंच आहे, एवढंच आज सांगायचंय.

नावात काकडी, मुक्काम सगळीकडे

सीएमव्हीची नोंद पहिल्यांदा झाली ती १९१६ मध्ये, अमेरिकेत, काकडीवर. म्हणून नाव काकडीचं पडलं. पुढे तो जिथे शोधला तिथे सापडत गेला. आजवर बाराशेहून जास्त जातींच्या वनस्पतींत तो आढळलाय. टोमॅटो, मिरची, भोपळा, काकडी, केळी, बागेतली फुलझाडं, बांधावरची तणं. आपल्याकडे रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात कुणालाही ‘हरण्या’ विचारा. पानावर पिवळे पट्टे, मग पोगा सडतो, झाड उपटून फेकावं लागतं. केळीवरचा हरण्या म्हणजे हाच सीएमव्ही. नारायणगावच्या टोमॅटोवाल्याला छळणारा आणि रावेरच्या केळीवाल्याला रडवणारा एकाच नावाचा गडी. पण दोघांना ते माहीत असेलच असं नाही, कारण एकाकडे तो ‘तिरंगा’ आहे आणि दुसऱ्याकडे ‘हरण्या’.

त्याचा प्रवास चालतो माव्यावर. मावा म्हणजे पानाच्या मागे चिकटून बसणारी ती इवलीशी, मऊ कीड. ती एका झाडात सोंड खुपसते, चव बघते, आवडलं नाही की उडते आणि दुसरीकडे बसते. तेवढ्या काही सेकंदांत व्हायरस सोंडेच्या टोकाला चिकटून पुढच्या झाडात उतरलेला असतो. फवारणी करून मावा मरेल, पण अनेकदा तो मरायच्या आधी काम उरकून गेलेला असतो. सीएमव्हीपुढे औषधाचे पंप थकतात ते यामुळे.

व्हायरस म्हणजे एक नाही, गर्दी

कोरोनाने आपल्याला ‘म्युटेशन’ आणि ‘व्हेरियंट’ हे शब्द शिकवले. डेल्टा, ओमायक्रॉन आपण क्रिकेटपटूंच्या नावांसारखे घेत होतो. झाडांचे व्हायरसही तसेच बदलतात. फक्त त्यांच्या बदलांची पत्रकार परिषद होत नाही.

सीएमव्हीचा सगळा जनुकीय मजकूर आरएनएच्या जेमतेम ८,६०० अक्षरांत मावतो. हा मजकूर उतरवून घेणारं एन्झाइम घाईत असतं आणि लिहिलेलं पुन्हा तपासत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उतरवून काढणाऱ्या मित्रासारखं. आरएनए विषाणूंमध्ये साधारण दहा हजार ते दहा लाख अक्षरांमागे एक चूक होते. ऐकायला थोडी वाटते, पण एका झाडात कोट्यवधी प्रती तयार होत असतात. त्यामुळे एका पानात ‘एक’ व्हायरस नसतोच. थोडथोड्या फरकाच्या प्रतींची अख्खी गर्दी असते.

वर सीएमव्हीचा मजकूर तीन तुकड्यांत असतो आणि हे तुकडे वेगवेगळ्या कणांत भरलेले असतात. समजा, तीन कप्प्यांचा डबा आहे. एकाच झाडात सीएमव्हीचे दोन वेगळे प्रकार आले तर एकाची भाजी दुसऱ्याच्या डब्यात जाऊ शकते. असे अदलाबदल झालेले प्रकार निसर्गात फार वेळा टिकत नाहीत, पण सापडले आहेत.

या गर्दीचं पुढे काय होतं, ते ठरवण्यात झाडाचा मोठा हात असतो. मॅरिलिन रूसिंक या अमेरिकी शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीएमव्हीवर सुंदर प्रयोग केले. त्यांना दिसलं की तोच व्हायरस वेगवेगळ्या यजमान झाडांत वेगवेगळ्या प्रमाणात विविधता बाळगतो. एका झाडात गर्दी मोठी, दुसऱ्यात आटोपशीर. मग त्यांनी सीएमव्हीची ओळखखूण केलेली १२ रूपं एकत्र करून तंबाखूच्या झाडाच्या पानात सोडली आणि वरच्या नव्या पानांत त्यातली कोण कोण पोचली ते बघितलं. सगळी पोचलीच नाहीत. मोजकीच पोचली, आणि कोणती पोचणार यातही बराच नशिबाचा भाग. पुढे माव्याबरोबर हाच खेळ केला, तेव्हाही गळती लागली. दुसऱ्या एका अभ्यासाचा अंदाज तर असा की माव्याने नेलेला सीएमव्हीचा संसर्ग नव्या झाडात सरासरी एखाद-दोन प्रतींपासूनच सुरू होतो.

सकाळी ठाणे किंवा डोंबिवली स्टेशनवर उभे राहिलात तर हे लगेच कळेल. प्लॅटफॉर्मवर हजार माणसं, डब्यात शिरतात ती चार. ती सगळ्यात लायक असतात असं नाही, दारासमोर सापडलेली असतात. आणि पुढच्या स्टेशनावर जी वस्ती होणार, ती त्या चौघांपासूनच. म्हणजे प्रत्येक प्रवासात व्हायरसची विविधता आधी आक्रसते, मग नव्या घरात पुन्हा वाढते. वाढताना नव्या घराला शोभेल अशी वाढते.

इथलं ओझं, तिथला आधार

माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. बहुतेक बदल व्हायरसलाच महागात पडतात. कॉपी करताना झालेली चूक सहसा चूकच असते. पण चूक कुठली आणि सोय कुठली, हे घरावर अवलंबून असतं. स्पेनमधल्या संशोधकांनी टोबॅको एच नावाच्या व्हायरसची एकेका अक्षराने बदललेली २० रूपं घेतली आणि ती ८ वेगवेगळ्या यजमान वनस्पतींत वाढवून पाहिली. त्याच्या नेहमीच्या तंबाखूत जे बदल नुकसानीचे होते, त्यातले काही तंबाखूशी दूरचं नातं असलेल्या झाडांत निरुपद्रवी ठरले, काही तर फायद्याचे. गावात ज्याला कुणी विचारत नव्हतं तो शहरात जाऊन नाव काढतो ना, अगदी तसं.

आता आपल्या ओळखीचं उदाहरण घ्या. पपई रिंगस्पॉट व्हायरस. खानदेशातल्या पपईवाल्यांना हे नाव शिकवावं लागत नाही. याचे दोन प्रकार आहेत. एक भोपळा, काकडी, कलिंगड अशा वेलवर्गीयांवरच राहतो, पपईला हात लावत नाही. दुसरा पपईवरही येतो आणि वेलींवरही. संशोधन सांगतं की पपईवाला प्रकार वेलीवाल्यातूनच निघालाय. आणि पपईत शिरायला मोठी क्रांती लागत नाही. २००८ मध्ये आलेल्या एका अभ्यासानुसार, व्हायरसच्या एका प्रथिनातला एकच अमिनो आम्ल पपई लागणार की नाही हे ठरवू शकतो. एक अक्षर इकडचं तिकडे, आणि बंद दार उघडतं. अशा वेळी पपईच्या ओळींत कलिंगड लावावं का, हा प्रश्न फक्त हिशेबाचा राहत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या देशातून परदेशी गेलेलं. टोमॅटो लीफ कर्ल न्यू दिल्ली व्हायरस. नावातच टोमॅटो आणि दिल्ली. पांढऱ्या माशीने पसरणारा हा विषाणू २०१२ मध्ये स्पेनमध्ये पोचला आणि तिथे पकडला गेला तो झुकिनीच्या पिकात. नंतर लक्षात आलं की भूमध्य समुद्राच्या काठावर पसरलेला त्याचा प्रकार वेलवर्गीयांत जोरात आहे, पण टोमॅटोत मात्र अडखळतो. नाव टोमॅटोचं राहिलं, प्रेम झुकिनीवर बसलं. त्याच्या मजकुरात इतर प्रकारांचे तुकडे जोडले गेल्याच्या खुणाही आहेत. नावावरून पहारा ठेवला असता तर सगळे टोमॅटोकडे बघत बसले असते.

आणि बांधावरचं गाजरगवत

तुमच्यातल्या कुणी एनएसएसच्या शिबिरात गाजरगवत उपटलंय का? उपटलं असेल तर पुढचं नीट वाचा. गाजरगवत, म्हणजेच काँग्रेस गवत, भारतात पहिल्यांदा नजरेत आलं ते १९५५ मध्ये, आपल्या पुण्यात. आज ते कुठे नाही सांगा. टोबॅको स्ट्रीक नावाचा व्हायरस या गवतात निवांत राहतो. गवत आजारी दिसतही नाही. पण त्याच्या परागकणांत व्हायरस असतो. ते पराग वाऱ्याने आणि फुलकिड्यांबरोबर शेजारच्या पिकावर पडतात, फुलकिडे पान कुरतडतात आणि जखमेतून व्हायरस आत.

२००० साली आंध्र प्रदेशातल्या अनंतपूर जिल्ह्यात भुईमूग असा करपला की सुमारे सव्वादोन लाख हेक्टरला फटका बसला. नुकसानीचा आकडा ३०० कोटींच्या पुढे गेला. भुईमूग पिकवणाऱ्याने काय चूक केली होती? काहीच नाही. रोगाचा साठा त्याच्या पिकात नव्हताच, बांधावर होता.

इथे एक खाचही सांगितली पाहिजे. भारतातल्या वेगवेगळ्या पिकांवरून गोळा केलेल्या या व्हायरसमध्ये फारसा फरक सापडला नाही. म्हणजे प्रत्येक संकटामागे नवा भयंकर व्हेरियंट असतोच असं नाही. कधी व्हायरस बदलतो, कधी फक्त शेजार बदलतो. नेमकं काय झालं हे कळायला पिकातला आणि बांधावरचा, दोन्हीकडचा व्हायरस वाचावा लागतो. एकाच बाजूचा वाचून उत्तर येत नाही.

मग अडतंय कुठे?

आपली सगळी रचना पिकाच्या नावावर आहे. जळगावला केळी संशोधन केंद्र. राजगुरुनगरला कांदा-लसूण. सोलापूरला डाळिंब. मांजरीला द्राक्ष. या संस्थांचं काम मोठं आहे, याबद्दल शंका नाही. शेतकरी पिकावरच जगतो, त्यामुळे पीकनिहाय विचार करण्यात तथ्यही आहे. पण सल्ल्याच्या पुस्तिका पिकाच्या, विमा अधिसूचित पिकाचा, चर्चासत्र पिकाचं. ई-पीक पाहणीत शेतकरी मोबाइलवरून आपल्या गटातलं पीक नोंदवतो. चांगली सोय आहे. पण व्हायरसच्या दृष्टीने महत्त्वाचे असलेले शेजारच्या गटातला भोपळा, बांधावरचं तण आणि रोप कुठल्या नर्सरीतून आलं, हे एकत्र कुठेच दिसत नाही. व्हायरस सातबारा वाचत नाही. त्याला गट नंबर कळत नाही, पिकाचं नाव कळत नाही. त्याला कळते ती फक्त आत शिरता येण्याजोगी पेशी.

याचा परिणाम खिशावर होतो. आपण ‘रोगप्रतिकारक वाण’ हा शब्द असा वापरतो, जणू एकदा बियाणं आलं की विषय संपला. हवाईमध्ये १९९८ साली जनुकबदल केलेली पपई आली आणि तिथला बुडालेला धंदा खरोखर सावरला. मोठं यश. पण तिचं कवच स्थानिक व्हायरसच्या मजकुरावर बेतलेलं होतं. तैवान, थायलंडसारख्या ठिकाणचे वेगळ्या मजकुराचे प्रकार तिच्यावर सोडले तेव्हा ते कवच पुरलं नाही. वाण तयार करायला वर्षं लागतात. व्हायरस तोवर किती घरं फिरून आला, याची नोंद नसेल तर आपण कालच्या चोरासाठी आज कुलूप बनवतोय.

तुम्ही काय करू शकता?

‘आम्ही काय करणार, आमची लॅब म्हणजे दोन सूक्ष्मदर्शक आणि एक बंद पडलेला इनक्युबेटर’, हे मला माहितेय. त्यासाठीच सांगतोय, सुरुवातीला लॅब लागतच नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक आहेत. बहुतेक जण इंटरनेटवरून उचललेल्या पंचवीस पानांवर स्पायरल बाइंडिंग मारून मोकळे होतात. त्याऐवजी एका गावातला एकच बांध निवडा. महिन्यातून दोनदा जा. कुठलं पीक, शेजारी कुठलं पीक, बांधावर कुठली तणं, कुणाच्या पानावर पट्टे, डाग, आकसलेपणा, मावा किंवा पांढरी माशी किती. तारीख आणि फोटो. बस्स. एक पथ्य मात्र पाळा : नुसतं पान बघून ‘हा सीएमव्हीच’ असं शेतकऱ्याला सांगू नका. खताची कमतरता, ऊन, तणनाशकाचा फवारा, यांनीही पानं अशीच दिसतात. तुम्ही लक्षणं लिहा. निदान कृषी विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांना करू द्या. दर पंधरा दिवसांची, तारखेनिशी ठेवलेली नोंद त्यांनाही सहज मिळत नसते.

कृषीच्या मुलांसाठी ‘रावे’ आहेच. शेवटच्या वर्षी तुम्ही गावात राहताच, मग भिंतीवर घोषणा रंगवण्यासोबत टोमॅटोवाल्याची आणि काकडीवाल्याची एकत्र बैठक लावा. दोघांना एकमेकांच्या शेतात नेऊन आणा. बॉटनीवाल्यांनो, हर्बेरियमसाठी सुंदर, निरोगी फांदीच शोधत फिरता ना? एक पान रोगट झाडाचंही लावा. कॉम्प्युटरवाल्यांनो, तुम्हाला तर चिखलातही उतरायला नको. जगभरातून वाचलेले सीएमव्हीचे जनुकीय मजकूर जेनबँकेत सगळ्यांसाठी फुकट ठेवलेत. भारतातले, वेगवेगळ्या पिकांवरचे उतरवून घ्या, त्यांची वंशावळ मांडा. केळीवाले एका फांदीवर बसतात की टोमॅटोवाल्यांत मिसळतात, बघा. आणि भारतातल्या नोंदी कुठे कमी पडतात, तेही तुम्हालाच दिसेल.

यातून उद्या नोबेल मिळणार नाही. पण कोरोनात एक गोष्ट आपण पाहिली. व्हायरस कुठे आहे आणि कसा बदलतोय हे ज्यांनी आधी वाचलं, त्यांना तयारीला वेळ मिळाला. झाडांच्या व्हायरसच्या बाबतीत तो वेळ म्हणजे एखाद्या घराचा हंगाम असतो. त्यावर कुणाची तरी कॉलेजची फी अवलंबून असते. कदाचित तुमच्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्याची.

माणसाला भीती नाही, हे खरंच आहे. मिरचीवरचा एक व्हायरस तर आपल्या जेवणातून पोटात जातो आणि धडधाकट बाहेर पडतो, इतका की सांडपाणी पाण्यात मिसळलं का हे तपासायला त्याचा उपयोग केला जातो. तेव्हा उद्या पुन्हा कुणी ग्रुपवर ‘टोमॅटो खाऊ नका’ टाकलं, तर खुशाल कोशिंबीर खात त्याला उत्तर द्या. आणि उत्तरासोबत एक प्रश्नही टाका : ‘बांधावर काय उगवलंय, बघितलंस का?’